18 वर्षांनी पुन्हा कोर्टवर: बूट, बॉल, की आधी फ्री थ्रो?

चाळिशीचा_गार्ड

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा, चालेल.

वय 42. कॉलेजात बास्केटबॉलच्या संघात गार्ड (बॉल पुढे आणून खेळवणारा) होतो. संघ 12 जणांचा आणि मी त्यातला अकरावा, एवढ्यावरून काय ते समजून घ्या. पुढे नोकरी, लग्न, कंबर या क्रमाने 18 वर्षं गेली, बॉलला हात लागला नाही. तीन महिन्यांपूर्वी मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडून बाहेर थांबलो होतो. शेजारच्या उघड्या कोर्टवर पाच जण होते, तीन-तीन करायला एक कमी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी माझ्या ऑफिसच्या बुटांकडे बघितलं आणि उतरलो. वीस मिनिटांत दोन बास्केट, एक एअरबॉल (रिंगलाही न लागलेला शॉट). दुसऱ्या दिवशी जिना उतरलो तो कठडा धरून. पण त्या रात्री जी झोप लागली, तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती.

आता आठवड्यातून दोन दिवस त्यांच्यात खेळतो आणि एका सकाळी एकटाच जातो. कोर्ट सिमेंटचं, त्यावर कायम बारीक धूळ. रिंग आहे, जाळी नाही.

मी हिशेबाच्या कामातला माणूस, म्हणून वही ठेवली. एकट्याच्या दिवशी 50 फ्री थ्रो (फाउल झाल्यावर समोरच्या रेघेवरून बिनअडथळा मिळतो तो शॉट) मारायचे आणि लिहायचे. मागच्या सहा खेपांचे आकडे: 19, 21, 17, 22, 18, 20. म्हणजे 300 पैकी 117, बरोबर 39 टक्के. चुकलेले 183 कसे चुकले तेही मांडलंय: 121 आखूड पडले (रिंगच्या पुढच्या कडेला लागले किंवा लागलेच नाहीत), 38 डाव्या-उजव्या बाजूला गेले, 24 लांब. बायको म्हणते, खेळ की ऑडिट?

बॉल जुना रबरी आहे, माळ्यावर सापडला. त्यावरचा आकडा पुसलाय, पकडही गेलीय. सायकलच्या पंपाने हवा भरली, आता दगडासारखा झालाय. बूट पळायचे. बाजूला सरकताना पाऊस पडल्यासारखा घसरतो आणि आतल्या आत पाय हलतो. गुडघ्याच्या वाटीखाली सकाळी दुखतं, विशेषतः जिना उतरताना. दहा पावलं चाललो की जातं.

आणि आता मुख्य मुद्दा. रात्री अकरानंतर मी ऑनलाइन खरेदीच्या यादीत वस्तू टाकत बसतो. सध्या यादीत आहेत: घोट्याच्या वरपर्यंत येणारे उंच बूट, दीड किलोचा वजनी बॉल, हाताची स्लीव्ह, दोन्ही गुडघ्यांचे पट्टे, ड्रिबल करताना खाली बघता येऊ नये म्हणून तो अर्धा चष्मा, आणि चवड्याखाली ठोकळा असलेले उडी वाढवायचे बूट. यातलं खरंच काय घ्यावं आणि काय खोडावं? आणि फ्री थ्रो सुधारण्यासाठी नेमकं काय करू?

शिट्टीवाली

दादा, वही ठेवलीत हे फार बरं केलंत. मी पंधरा वर्षं पंचगिरी केली, आता नवशिक्यांना शिकवते. "माझा शॉट बिघडलाय" असं सांगणारे शंभर भेटतात. कसा बिघडलाय ते आकड्यात सांगणारे तुम्ही पहिले.

आधी बॉल. घरात शिवणकामाची टेप असेल, बॉलच्या पोटाभोवती फिरवा. 75 ते 78 सेंटिमीटर आला तर 7 नंबर, 72 ते 74 असेल तर 6, 69 ते 71 असेल तर 5. पुरुषांचा खेळ 7 वर, बायकांचा 6 वर, लहान मुलांचा 5 वर. (तीन-तीनच्या अधिकृत खेळात मात्र सगळ्यांना 6 नंबरच्या आकाराचा पण 7 नंबरच्या वजनाचा बॉल असतो. तुमचे सोबती कोणता वापरतात तेही बघा.) मग हवा. तुमच्या डोक्याच्या उंचीवरून, म्हणजे साधारण 1.8 मीटरवरून, बॉल नुसता सोडा, ढकलू नका. बॉलचा माथा 1.2 ते 1.4 मीटरपर्यंत परत यायला हवा. छातीच्या वर उसळला तर हवा जास्त. असा बॉल रिंगला लागला की लांब उडतो, बोटांतूनही सटकतो. पंपाला हवेचा दाब दाखवणारा काटा असेल तर 7 ते 9 पीएसआय पुरे. पिन घालण्याआधी ओली करा. कोरडी पिन आतली झडप फाडते, आणि मग तो बॉल दर दोन दिवसांनी हवा मागतो.

तिसरी तपासणी कुणी करत नाही. बॉल दोन्ही हातांनी वर फेका, उलटी फिरकी देऊन, आणि रेघांकडे बघा. डगमगताना दिसल्या तर बॉल अंड्याचा झालाय. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या बॉलचं हेच होतं, आणि त्याच्यावर बसणाऱ्यांमुळेही. असा बॉल सरळ टाकला तरी सरळ जात नाही. तो टाकून द्या.

नवा घेताना सिमेंटवर खेळायचंय हे विसरू नका. बाहेरच्या कोर्टसाठीचा कृत्रिम चामड्याचा घ्या. जाड रबरीही चालेल. खरं चामडं फक्त लाकडी कोर्टचं, सिमेंटवर ते महिन्याभरात सोलतं. चामड्याचा मान मोठा आहे, खोटं नाही. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगने 2006 मध्ये कृत्रिम बॉल आणला तर खेळाडूंनी बोटं कापतात म्हणून तक्रारी केल्या आणि 1 जानेवारी 2007 पासून पुन्हा चामडं आलं. पण ते त्यांचं झालं, आपल्याला धुळीत खेळायचंय.

आता फ्री थ्रो. 183 पैकी 121 आखूड, म्हणजे तीनातले दोन. तुमचं निशाण वाईट नाही. डावी-उजवीकडे गेलेले फक्त 38 आहेत, त्यावरून कोपर बऱ्यापैकी सरळ आहे. बॉल पोचत नाहीये, कारण तुम्ही हातांनी फेकताय. चाळिशीतले सगळे असंच करतात. गुडघे दुखतात म्हणून वाकवत नाहीत, मग खांदा जोर लावतो आणि बॉल सपाट जातो. गुडघे थोडे वाका. खूप नाही, खुर्चीवर बसायला निघून विचार बदलल्यासारखे. पाय सरळ होत असतानाच बॉल वर निघाला पाहिजे. पाय सरळ करून थांबलात आणि मग हात उचललात, तर पायांचा जोर वाया गेला.

आणि पंधरा दिवस फ्री थ्रोच्या रेघेवर उभंच राहू नका. हे तुम्हाला आवडणार नाही. रिंगसमोर दीड मीटरवर उभे राहा, एका हाताने टाका, दुसरा हात पाठीमागे. बॉल तळव्यावर नाही, बोटांवर. मनगट शेवटी पडलं पाहिजे आणि पडलेलंच राहिलं पाहिजे. दहापैकी आठ गेले की एक पाऊल मागे. गेले नाहीत तर तिथेच. मग दुसरा हात नुसता टेकवायला घ्या. रेघ रिंगमागच्या बोर्डापासून 4.6 मीटरवर आहे, तिथे पोचायला दोन आठवडे लागले तरी चालतील. बहुतेक जण कोर्टवर आल्याआल्या थ्री पॉइंटच्या लांबच्या रेघेवरून दगड मारायला लागतात आणि मग तेच वाकडं अंगवळणी पडतं.

हो, तुमच्या वेळी ती थ्री पॉइंटची रेघ 6.25 मीटरवर होती. 2010 पासून ती 6.75 वर गेली. तेव्हा तिथून पोचत नसेल तर सगळा दोष वयाला देऊ नका. आणि पोरांवर "ट्रॅव्हल, ट्रॅव्हल" (बॉल धरून जास्त पावलं टाकली) म्हणून ओरडत असाल तर तेही जपून. 2017 पासून नियम सैल झालाय. पळता पळता बॉल हातात येताना जे पाऊल जमिनीवर असतं ते मोजत नाहीत, त्यानंतर दोन पावलं मिळतात. कॉलेजवाले परत आले की पहिलं भांडण यावरूनच होतं, मी कितीतरी सोडवलीत.

यादीचं म्हणाल तर वजनी बॉल खोडा. छातीवरून पास द्यायच्या सरावाला ठीक, पण त्याने शॉट मारलात तर आत्ता जे खांद्याने फेकताय तेच पक्कं होईल. अर्धा चष्माही खोडा, मान वर ठेवून फळीवरचा डाग बघत ड्रिबल करा, फुकट आहे. बुटांचं दुसरं कुणीतरी सांगेल.

एक_हाती

स्लीव्ह घ्या हो बिनधास्त. शॉट सुधारत नाही पण सुधारल्यासारखं वाटतं. मी दोन वापरतो.

घोटा_दोनदा

बुटांचं मी सांगतो. नावावरून अधिकार कळला असेलच.

उजवा घोटा दोनदा मुरगळला. पहिल्यांदा रिबाउंडसाठी (हुकून परत आलेला बॉल पकडायला) उडी मारली आणि उतरलो ते दुसऱ्याच्या बुटावर. आवाज मला स्वतःला ऐकू आला. तीन आठवड्यांत "बरं वाटतंय" म्हणून परत खेळलो आणि दोन महिन्यांनी तोच घोटा पुन्हा. या वेळी कुणाच्या पायावर नाही, सपाट जमिनीवर. नंतर मी यावर जितकं सापडलं तितकं वाचलं. ते आधी वाचायला हवं होतं.

2001 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात हौशी आणि वरच्या पातळीवरचे असे दोन्ही बास्केटबॉलपटू पाहिले होते. जवळपास निम्म्या घोट्याच्या दुखापती उडी मारून उतरताना झाल्या होत्या. आणि ज्याचा घोटा आधी मुरगळलाय त्याला पुन्हा मुरगळण्याचा धोका जवळपास पाचपट. म्हणजे माझी दुसरी मुरगळ ही पहिलीचीच शेपटी होती. टाचेत हवेच्या पिशव्या असलेल्या बुटांनीही धोका वाढलेला दिसला, तेव्हा ती चकाकणारी खिडकी बघून भुलू नका.

उंच बुटांचं सगळ्यांनाच वाटतं की घोटा झाकला म्हणजे वाचला. 1993 मध्ये कॉलेजातल्या हौशी खेळाडूंवर हे नीट तपासून पाहिलं होतं, 600 च्या वर खेळाडू होते. कुणाला उंच बूट, कुणाला आखूड, चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले. मुरगळण्यात लक्षात येईल असा फरक पडला नाही. तुम्हाला उंच बूट आवडत असतील तर घ्या, संरक्षण म्हणून घेऊ नका. नाडीचे घोटापट्टे मात्र वेगळी गोष्ट. 2011 मध्ये 1460 शाळकरी बास्केटबॉलपटूंवरच्या अभ्यासात ते वापरणाऱ्यांच्या घोट्याच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशावर आल्या. झालेली दुखापत सौम्य झाली असं मात्र नाही, संख्या कमी झाली. मी उजव्याला वापरतो. तुमचा घोटा कधी मुरगळला नसेल तर तुम्हाला लगेच गरज नाही.

मग बूट कसला? पळायचा बूट सरळ रेषेसाठी असतो. टाच उंच आणि मऊ, तळ अरुंद. बाजूला झटका दिला की पाय बुटाच्या कडेवरून बाहेर जायला बघतो. "पाय आतल्या आत हलतो" म्हणालात ते हेच. बास्केटबॉलचा बूट हातात घेतलात की तळ बाहेरच्या बाजूला थोडा रुंदावलेला दिसेल, तो त्याचसाठी. सिमेंटसाठी तळाचं रबर कडक आणि खाचा खोल हव्यात. नखाने दाबून बघा. सहज रुततं ते रबर लाकडी कोर्टचं, सिमेंटवर चवड्याखाली आधी गुळगुळीत होतं. धूळ असेल तर कोर्टशेजारी ओलं फडकं ठेवा आणि दर थोड्या वेळाने तळ पुसा. अर्धं घसरणं तेवढ्याने थांबतं.

बूट घालून बघायचे ते संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि खेळताना घालता तेच मोजे घालून. अंगठ्यापुढे थोडी जागा. टाच मात्र उचलली जाता कामा नये. उचलली जात असेल तर सगळ्यात वरच्या भोकातून नाडी त्याच बाजूला परत घालून छोटं कडं करा आणि समोरची नाडी त्या कड्यातून ओढा. टाच बसते. दुकानात चालून बघू नका, बाजूला सरका. आपण चालायला घेत नाहीये.

गुडघा: मी डॉक्टर नाही. वाटीच्या लगेच खाली, सकाळी, जिना उतरताना आणि हालचाल सुरू झाली की कमी होणारं, हे वर्णन उड्या मारणाऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारीचं वाटतं, वाटीखालच्या त्या जाड दोरखंडाचं. 18 वर्षं त्या दोरखंडाला कुणी विचारलं नव्हतं आणि आता तीन महिने सिमेंटवर उड्या. मला फिजिओने दोन गोष्टी दिल्या होत्या: भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं, 30-40 सेकंद धरून, चार-पाच वेळा, आणि नंतर सावकाश बैठका, खाली जायला तीन सेकंद, वर यायला तीन. पूर्ण विश्रांतीने माझं तरी कमी झालं नाही, कामाला लावल्यावर झालं. पट्टा बांधून खेळताना बरं वाटतं, मूळ दुखणं तिथेच राहतं. सूज आली, गुडघा अडकला किंवा रात्री दुखून जाग आली तर हे सगळं सोडून आधी दाखवून या.

ते चवड्याखाली ठोकळा असलेले बूट तर यादीतून जाळूनच टाका. सगळा भार पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. तिशी-चाळिशीत अधूनमधून खेळणाऱ्यांची हीच शीर तुटते, "मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं" म्हणतात आणि मागे कुणी नसतं. त्याऐवजी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली, रोज. आणि दात घासताना एका पायावर उभं राहा, डावा आज, उजवा उद्या. मला हा प्रकार खुळचट वाटला होता. पहिल्या दिवशी सहा सेकंदांत बेसिन धरलं.

बोर्डवाला

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि वाईट खेळतो. ताईंच्या म्हणण्याला एक जोड.

रिंगचा आतला व्यास 45 सेंटिमीटर, 7 नंबर बॉलचा सुमारे 24. ऐकायला केवढी जागा! पण बादलीचं तोंड वरून बघितलं तर गोल दिसतं, तिरकं बघितलं की चपटं. बॉललाही रिंग तशीच दिसते. 45 अंशांत उतरणाऱ्या बॉलला समोर 32 सेंटिमीटरची फट मिळते. 30 अंशांत उतरणाऱ्याला साडेबावीस, म्हणजे बॉलपेक्षा कमी. तो कडेला न लागता जाणं शक्यच नाही. तुमचे 121 आखूड बहुधा नुसते कमी जोराचे नव्हते, सपाट होते.

मी गणित मांडलं. हात वर ताणून बॉल साधारण 2.1 मीटरवरून सुटतो असं धरलं आणि तो रेघेवरून 40 अंशांत निघाला, तर रिंगपाशी जेमतेम 20-22 अंशांत उतरतो. 52 ते 55 अंशांत निघाला तर 40 ते 45 मध्ये. कोन मोजायला यंत्र नको. कुणाला तरी बाजूला उभं करा. बॉल सगळ्यात वर पोचतो तेव्हा बोर्डाच्या वरच्या कडेच्या जवळपास (जमिनीपासून 3.95 मीटर) असला पाहिजे. तुमचा कदाचित रिंगच्या थोडा वरूनच वळत असेल. आणि उलटी फिरकी द्या, रिंगपर्यंत जाताना तीन-एक फेऱ्या पुरेत. फिरणारा बॉल कडेला लागला तर मवाळ पडतो.

एका बाबतीत मी ताईंशी भांडणार. सगळे "जाळीतून सर्रकन" शिकवतात आणि बोर्ड कुणी शिकवत नाही. बाजूने, साधारण 45 अंशांतून, तीन-चार मीटरच्या आतून मारताना बोर्डावरचा चौकोन वापरा, वरच्या जवळच्या कोपऱ्यावर नेम धरा. चौकोन काय शोभेला काढलाय? आमच्या गटात साठीचे एक काका आहेत, धावत नाहीत, उडी मारत नाहीत, बोर्डाला लावून लावून सगळ्यांना हरवतात.

आणि जाळी लावा. स्वतः लावा, शिडीवर चढून दहा मिनिटांचं काम आहे. जाळी नसली की बॉल आतून गेला की बाहेरून यावर निम्मा खेळ वादात जातो. शिवाय जाळी असली की पडलेला बॉल रिंगखालीच थांबतो, पळावं लागत नाही. गुडघ्यासाठी पट्ट्यापेक्षा उपयोगी.

एक गंमत: एनबीएतला जुना खेळाडू रिक बॅरी दोन्ही हातांनी खालून, पायांमधून झोका देऊन फ्री थ्रो मारायचा आणि त्याचे 90 टक्क्यांच्या आसपास जायचे. दोन्ही हात सारखे, खांद्याचं काम नाही, कमान आपोआप उंच. तरी कुणी मारत नाही, लाज वाटते म्हणून.

शिट्टीवाली

बोर्डवाले सर, भांडण मान्य. बोर्ड मीही शिकवते, लेअपला, म्हणजे अगदी रिंगजवळून टाकायच्या शॉटला. जॉर्ज मायकन या जुन्या एनबीए खेळाडूच्या नावाचा सराव आहे ना, रिंगखाली उभं राहून एकदा उजवीकडून उजव्या हाताने, एकदा डावीकडून डाव्या हाताने, बॉल खाली न पडू देता. दादा, हा तुमच्या एकट्याच्या दिवसात घाला. दोन मिनिटांत घाम येतो आणि डावा हात किती परका झालाय ते कळतं. गुडघा दुखत असेपर्यंत उडी न मारता, नुसतं चवड्यावर उठून.

आणि घोटा_दोनदा, शॉट मारून हवेत असलेल्याच्या पायाखाली पाय घालणं हा फाउल आहे. त्याला उतरायची जागा द्यावी लागते. हौशी खेळात पंच नसतो, म्हणून हा एक नियम तरी खेळ सुरू करताना बोलून घ्या.

चाळिशीचा_गार्ड

सहा आठवड्यांनी परत आलोय. वही घेऊन.

बॉलची टेप आधी. घेर 78.5 आला. सातवरचा आठवा नंबर असतो की काय असं क्षणभर वाटलं. मग 1.8 मीटरवरून सोडला तर माझ्या हनुवटीला येऊन लागला. हवा काढली, घेर जागेवर आला, पण फेकून बघितला तर रेघा अशा डगमगल्या की मुलगी म्हणाली, बाबा, याला चक्कर आलीये. टाकून दिला. नवा घेतला, बाहेरच्या कोर्टचा, कृत्रिम चामड्याचा.

बूट घेतले. आखूडच. दुकानात मी बाजूला सरकून दाखवत होतो तेव्हा विक्रेता एक पाऊल मागे गेला. फडकं कोर्टशेजारी ठेवतो. आता बाकीचे पाचही जण तेच वापरतात आणि धुवून आणायचं काम कुणाचंच नाही.

दीड मीटरवरून एका हाताने टाकणं हे फार अपमानास्पद आहे, ताई. पहिल्या दिवशी मला दहापैकी आठ जायला चाळीस मिनिटं लागली. आठ वर्षांचा एक मुलगा शेजारी येऊन थ्री पॉइंटवरून दगड मारत होता आणि त्याचे जात होते. तेरा दिवस रेघेला पाय लावला नाही. नंतर सरांचं ऐकून फोन भिंतीवर टेकवून बाजूने चित्रीकरण केलं. बॉल खरंच रिंगच्या वीतभर वरून वळत होता. मला वाटत होतं, मी आभाळाला लावतोय.

ताजा हिशेब. शेवटच्या सहा खेपा, 300 पैकी 156, म्हणजे 52 टक्के. चुकलेले 144. त्यातले आखूड 61, लांब 49, बाजूला 34. आखूड निम्म्यावर आले आणि लांब दुप्पट झाले. हे चांगलं की वाईट? एनबीएतला धिप्पाड, पण फ्री थ्रोत कच्चा शॅकिल ओनील, त्याची कारकिर्दीतली सरासरी 52.7 होती असं वाचलं, तेव्हा मी त्याच्यापासून पाऊण टक्का दूर आहे. बाकी काही जुळत नाही.

गुडघा: भिंतीला पाठ लावून बसतो, रोज. जिना आता कठड्याशिवाय. जोरात खेळलो की दुसऱ्या सकाळी कुरकुरतो अजून. एका पायावर दात घासणं मुलीनेही सुरू केलंय आणि ती दोन मिनिटं उभी राहते, तेव्हा त्याबद्दल बोलायला नको. जाळी लावली. शिडी मी धरली, चढला दुसरा.

यादीतलं सगळं खोडलं. स्लीव्ह एक घेतली. एक_हाती, तुमचं म्हणणं खरं आहे.

शिट्टीवाली

लांब वाढले ते चांगलं. जोर आला, आता तो मोजून लावायचाय. आखूड आणि लांब सारखे चुकायला लागले की नेम मधोमध आलाय असं समजा. थोडा मागच्या कडेकडे नेम धरा, पण जोर वाढवू नका. आणि 50 चे सलग मारू नका, पाच-पाच मारा आणि मध्ये कोर्टभर एक फेरी पळून या. खेळात फ्री थ्रो दम लागलेला असतानाच मिळतो. आकडा पहिल्या आठवड्यात खाली जाईल, वहीत लाल शाई वापरू नका.

बोर्डवाला

रिक बॅरी करून बघितलात का?

चाळिशीचा_गार्ड

सर, खोटं नाही बोलणार. परवा सकाळी सहाला कोर्टवर कुणी नव्हतं. इकडेतिकडे बघून खालून झोका देऊन मारले. पहिल्या दहापैकी सहा गेले. अकराव्याला हात खाली नेला आणि फाटकातून ते तीन-तीनवाले आत येताना दिसले. मी तसाच खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. दोन्ही पायांची.